नळ कुंपणापलीकडे गेला त्याची हकिगत

ती. दाजी,

एका हाताने केलेला नमस्कार गोड मानून घ्या. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला वेल्डिंगचा चटका बसलाय आणि त्यावर एवढी मोठी पट्टी आहे की तो अंगठा माझा वाटतच नाही. बाकी सगळं झकास. तुमचा गुडघा काय म्हणतोय? ताई सांगत होती की तुम्ही हल्ली जिन्याच्या पायऱ्या मोजत चढता आणि अकराव्या पायरीवर थांबून मला शिव्या घालता. (कठडा तिथे हलतो, मान्य आहे. मीच बसवलाय, मीच घट्ट करीन.) ताईच्या डोळ्यांत थेंब वेळेवर पडतात ना? ती स्वतः घालते म्हणते, म्हणजे अर्धे गालावर जात असणार.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्याला 'मुद्द्यावर ये' म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही. तर बसा निवांत, कारण आठवडाभर माझ्या पोटात ही गोष्ट मावत नाहीये!

मी सकाळी मैदानावर चालायला जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे चालणाऱ्यांचं एक मंडळ आहे आणि मी त्याचा सभासद आहे. (होय, तोच मी, ज्याला तुम्ही 'खाटेवरून उठायला जॅक लागतो' म्हणायचात.) मधे फुटबॉलचं मैदान, भोवती चालायची वाट, पलीकडे झाडांची रांग, आणि वाट नि झाडं यांच्या मधे मैदानाचा एकुलता नळ आणि संडास. त्या झाडांखाली दोन महिन्यांपूर्वी नऊ तंबू उभे राहिले. तंबू म्हणजे ताडपत्री, बांबू आणि देवाची दया. कुठलासा तयार कपड्यांचा कारखाना बंद पडला, मालकाने कामगारांच्या खोल्याही रिकाम्या करून घेतल्या, आणि ही सोळा माणसं सामानासकट तिथे येऊन पडली. झालं! मंडळाला चालायचं सुचेना. आमच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई सभेत उठून म्हणाल्या, "मला त्या लोकांविषयी काहीही म्हणायचं नाही," आणि मग वीस मिनिटं म्हणत होत्या. एकाचा चेंडू चोरीला गेला होता (तो पुढे त्याच्याच गाडीच्या डिकीत सापडला, पण ठराव आधीच झाला होता). एक बाई म्हणाल्या, आमच्या मुलीला इथून जायला भीती वाटते. त्यांची मुलगी चौतीस वर्षांची आहे आणि कराटे शिकवते.

आमचे अध्यक्ष म्हणजे दातवाले डॉक्टर. माणूस स्वच्छ, पण समोरच्याने तोंड उघडलं की आपणच बोलायचं, ही धंद्याची सवय. त्यांनी दोन गोष्टी पास करून घेतल्या. एक, पालिकेला अर्ज, की या लोकांमुळे मैदानाचा वापर अशक्य झालाय, तरी यांना उचला. दोन, पालिकेचा ट्रक येईपर्यंत ते डोळ्यांना दिसू नयेत म्हणून सहा फुटी पत्र्याचं कुंपण. तेही पालिकेच्या परवानगीने, मंडळाच्या खर्चाने. फाटक अजिबात नको, म्हणाले डॉक्टर, फाटक ठेवलं की ते उघडं राहतं. काम अर्थातच मला, मंडळात लोहार मी एकटाच. मैदानाचा नकाशा टेबलावर पसरला, डॉक्टरांनी पट्टी ठेवली आणि दात उपटावा तशी एका दमात रेघ मारली. खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मापं घ्यायला सात सभासद येणार होते. आला कुणीच नाही. लोखंडी टेप एकट्याने किती धरणार? मी इकडे टोक अडकवतो तर तिकडे सटकतं. तेवढ्यात एका तंबूतून आवाज आला. दाजी, माझे कान तुम्हाला माहीत आहेत. खर्र... असा लांबलचक, मधे कुठेही न तुटणारा कात्रीचा आवाज. घरगुती माणूस कापड कापतो ते कच-कच करून. असा एका ओढीत कापणारा हात मी फक्त तुमच्या शिवणाच्या कारखान्यात ऐकलाय. अंगावर शहाराच आला हो! ताडपत्री बाजूला करून पन्नाशीच्या एक बाई बाहेर आल्या. न विचारता टेपचं दुसरं टोक धरलं. त्या एकोणीस वर्षं कटिंग टेबलावर होत्या. मी ओरडलो, "चोवीस फूट तीन इंच." त्या म्हणाल्या, "पावणेतीन. टेप झोल खातेय तुमची." बघितलं तर पावणेतीन!

रांग संपली तेव्हा बाई थांबल्या, आपल्या तंबूंकडे बघितलं, मग मैदानाकडे.

"मास्तर, नळ आमच्याकडे येतोय. संडासही आमच्याकडेच येतोय. तुमच्या लोकांना चालेल का?"

मी म्हणालो, "नकाशावर सही आहे बाई. सहीबाहेर मी एक खिळा ठोकत नाही."

त्यांनी टेपचं टोक पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "मग नीट ताणून धरा."

तीन दिवसांत कुंपण उभं केलं. (अंगठा तिथेच गेला.) रविवारी सकाळी मंडळ सहकुटुंब पाहायला आलं. टाळ्या झाल्या. सोमवारी ट्रक येणार म्हणून आणखी टाळ्या झाल्या. मग चालणं सुरू झालं. आता डॉक्टरांचा नियम असा की चालण्याआधी एक लिटर पाणी. पहिली फेरी ऐटीत. दुसऱ्या फेरीत बोलणं कमी झालं. तिसऱ्या फेरीत त्यांची चाल अशी झाली की मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, डॉक्टर नवीन व्यायाम करताहेत वाटतं. झाडांच्या बाजूला वळले आणि समोर काय, तर माझा चकचकीत पत्रा! त्यांनी पत्र्यावर टकटक केलं.

"कोण आहे?" पलीकडून कटिंगवाल्या बाई.

"मी... मंडळाचा अध्यक्ष."

"रस्त्यानं वळसा घालून या की. पंधरा मिनिटांत पोचाल."

"पंधरा मिनिटं नाहीयेत हो माझ्याकडे!"

माझ्या खिशात पाना होता. (का होता हे विचारू नका, लोहाराच्या खिशात असतोच.) चार बोल्ट काढून एक पत्रा बाजूला केला. डॉक्टर असे आत शिरले की आभार मानायचेही राहिले. आणि त्यांच्या मागोमाग रांग लागली, दाजी! कारण चाळीस माणसं आणि जवळपास दुसरी सोय कुठेच नाही.

आत जाऊन बघतात तर काय, संडास धुतलेला. जो नळ आम्ही अर्ज करकरून तीन वर्षं गळता ठेवला होता, तो त्यांनी जुन्या चपलेचं रबर कापून बंद केलेला. मुख्याध्यापिकाबाईंच्या पॅंटचं इलॅस्टिक ऐन वेळी तुटलं, तर कटिंगवाल्या बाईंनी उभ्या उभ्या नवं ओवून दिलं. येताना मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मला त्या लोकांविषयी थोडं म्हणायचंय," आणि यावेळी दोनच मिनिटं म्हणाल्या.

सोमवारी ट्रक आला. पालिकेचा अधिकारी, चार माणसं, कागद. तंबूंत आवराआवर सुरू झाली. कटिंगवाल्या बाईंनी कात्री फडक्यात गुंडाळली आणि छातीशी धरून उभ्या राहिल्या. ते बघवेना. अधिकाऱ्याने अर्ज मोठ्याने वाचला, 'या लोकांमुळे मैदानाचा वापर अशक्य झाला आहे,' आणि विचारलं, अर्जदार कोण? डॉक्टर काढलेल्या पत्र्यापाशी रांगेत तिसरे होते. हात वर केला आणि म्हणाले, "वापर चालू आहे. जरा थांबा साहेब, माझा नंबर येतोय."

अधिकारी हसला हो! चक्क हसला. पण कागद तो कागद. म्हणाला, पंधरा दिवस देतो, तेवढ्यात यांची पक्क्या जागेची सोय लेखी दाखवा, नाहीतर ट्रक परत येईल. ट्रकमध्ये चढताना ड्रायव्हरला हळूच म्हणाला, "सोळाव्या दिवशी सकाळी सातला." त्याला वाटलं, मला ऐकू गेलं नाही.

असो. बाकी इकडे सर्व कुशल. तुम्ही गुडघ्याला जपा, ताईला माझा नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (बहुतेक वेळा)
मेहुणा

ता.क. पंधरापैकी नऊ दिवस गेले. तुमच्या कारखान्याचा हॉल गुडघा दुखायला लागल्यापासून बंद आहे, बारा मशिनं चादरीखाली झोपलीत, मागच्या तीन खोल्या रिकाम्या आहेत. सोळांपैकी अकरा माणसं शिवणकामातली. मला राहायला जागा नव्हती तेव्हा तुम्हीच मला चौदा महिने कापडाच्या गठ्ठ्यांमागे झोपू दिलंत आणि कुणाला कळू दिलं नाहीत. मी फक्त आठवण करून देतोय, मागत काही नाहीये.

ता.क. २ मागतोय. टेम्पो शुक्रवारी सकाळी निघतोय. हॉलची किल्ली शोधू नका, ताईकडे आहे. तिनेच मशिनांना तेल घातलंय. अधिकाऱ्याला दाखवायच्या कागदावर तेवढी सही करून ठेवा.

ता.क. ३ टेम्पोबरोबर सामान उतरवायला दातवाले डॉक्टर स्वतः येताहेत. त्यांचं सगळ्यांना सांगणं असतं की त्यांच्या हातून चुकून तिरकी रेघ गेली म्हणून हे सगळं जुळून आलं. त्यांच्यासमोर कृपा करून बोलू नका, पण तुमच्यापासून काही लपवत नाही म्हणून लिहितो. पट्टी त्यांनी धरली होती हे खरं. तिचं दुसरं टोक माझ्या अंगठ्याखाली होतं.