तीन मुसळांचं इंग्रजी

आई, आज सातवीला इंग्रजीतले काळ शिकवले आणि नेहमीसारखं डस्टर टेबलावर आपटत शिकवले. ठोके पडायला लागले की मला अजून तिखटाची शिंक येते. मुलांना वाटतं, बाईंना खडू सोसत नाही.

नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा. मी नववीत जाणार होते आणि तू गल्लीच्या तोंडाला असलेल्या डंकावर, त्या मिरची कुटायच्या यंत्रावर, लोकांची चटणी कुटत होतीस. मिरचीच्या धुरळ्याने तुझा खोकला हटत नव्हता. हे काम सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अंगणवाडीत जागा निघणार होती, पण त्याला दहावी पास लागायची, आणि तू लग्नाआधीच इंग्रजीत नापास झाली होतीस. तरी ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म कुणाला न विचारता भरलास आणि मास्तरीण म्हणून मला धरलंस. तू डंकावर असतेस हे मी वर्गात कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला लाज वाटायची.

मी डबा घेऊन आले की तू म्हणतेस, "बस हितं. इचार." तीन लोखंडी मुसळं एकामागून एक पडतायत. पहिल्याला गो, दुसऱ्याला वेंट, तिसऱ्याला गॉन. 'पुट' आलं की तू खूश, कारण तिन्ही ठोके सारखेच. "ह्यो खरा माझ्या गुणाचा. काल असू दे न्हायतर आज, बदलत न्हाय." गारगोटीहून भाजलेली मिरची घेऊन आलेली एक बाई कुरकुरते, "माझ्या चटणीत इंग्रजी नगं हं पडाय." तू म्हणतेस, "पडू दे की. फुकट हाय."

नुसती घोकंपट्टी काय कामाची, असं मी एकदा फणकाऱ्याने म्हणाले. "मग समजावून सांग की," तू म्हणालीस. रोज करतो ते पहिलं, काल केलं ते दुसरं, आणि होऊन गेलंय पण अजून उरलंय तिथे 'हॅव' लावून तिसरं, असं मी सांगितलं. तू पदराने तोंड पुसत विचार केलास. "म्हंजे मिरची कुटून झाली, पर हात अजून चुरचुरत्यात. त्ये तिसरं." इतकी वर्षं शिकवतेय, याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. मग विचारलंस, "आन् उद्याचं मुसळ कुठाय?" त्याला वेगळं रूप नसतं, पहिल्याच्याच आधी 'विल' लावायचं, मी म्हणाले. तू पोट धरून हसलीस. "म्हंजे उद्याचं बी आजच्याच मुसळानं कुटायचं, व्हय?"

परीक्षेत तू बाकावर मूठ आपटत लिहायला लागलीस. पर्यवेक्षक धावत आले. "सर, ठोका पडल्याबिगर मला काळ सुचत न्हाय," असं तू त्यांना सरळ सांगितलंस. बिचाऱ्यांनी डोक्याला हात लावला, आणि चप्पल काढून पायाने हळू ठेका धरा म्हणाले. पस्तीस लागत होते, तुला अडतीस पडले. पेढ्यांऐवजी तू डंकावर सगळ्यांच्या हातावर मूठ मूठ भडंग ठेवत फिरलीस, आणि मला इतका आनंद झाला की तुझ्या तिखटाने माखलेल्या पदरात तोंड खुपसून मी रडले. डोळ्यांची आग आग झाली. पुढे अंगणवाडीत पोरांना गाणी म्हणताना तुझा आवाज पार रस्त्यापर्यंत यायचा, मध्ये एकदाही खोकला न येता.

गेल्या महिन्यात तपासणीला साहेब आले, तेव्हा माझा अख्खा वर्ग बाकं बडवत क्रियापदं म्हणत होता. साहेब एकदम खूश. "बाई, ही पद्धत कुठून घेतलीत?"

"माझीच आहे, सर," मी म्हणाले.

हे पत्र घडी करून चटणीच्या बरणीमागे ठेवतेय, तिथे तुझा हात रोज जातो. साहेबांसमोर डंकाचं नाव माझ्या तोंडातून निघालं नाही, आई. अजूनही.