विटकरी धूर प्यालेल्या वास्दीचं मृत्युपत्र

मी, वास्दी, वडील कास्वान (ते वारले), वय बावीस, राहणार तालांग, तेगालजवळ, कामाला सुमार्नीबाईंच्या ॲनोडायझिंगच्या, म्हणजे ॲल्युमिनियमला करंट देऊन रंग चढवायच्या, शेडमध्ये, आज शुक्रवारी सकाळी साडेअकराला रंगाच्या टाकीशेजारी उलट्या बादलीवर बसून हे लिहितो. कुणी दमदाटी केलेली नाही. काही प्यालेलो नाही. डोकं ठिकाणावर आहे. रोखिमकाका विचारतील, कधीपासून? आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांपासून.

ही चेष्टा नाही. खरंच नाही.

लिहून देतोय त्याला कारण आहे. मागच्या पावसाळ्यात मी ॲसिडच्या टाकीजवळ तोंडाला साबणाचा फेस लावून आडवा पडलो होतो. भाग टांगणाऱ्या दार्युतीताईने टाहो फोडला, माझ्या जोडीला काम करणारा सुकिर्नो मयताची नमाज पढणाऱ्याला आणायला पळाला, आणि मी उठून चहा मागितला. सगळ्यांनी मला बडवलं. आमचे मुकादम रोखिमकाका तेवढे हात न उगारता म्हणाले, "पुढच्या वेळी मरशील तेव्हा आधी लिहून दे. दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट. त्याशिवाय मी जागचा हलणार नाही."

आज दहा वाजता मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "काका, मी मरतोय." त्यांनी टाकीवरून मान वर न करता विचारलं, "लिहून आणलंस का?" सुकिर्नो एवढा हसला की त्याच्या हातातली तार पडली. पुढचं बोलायचा मला धीर झाला नाही. म्हणून हा कागद.

काय झालं ते आधी लिहितो, वाटण्या नंतर.

काल एका मोटारसायकलचं क्लच कव्हर आलं, जांभळं करायला. त्याच्या एका भोकात पोलादी स्क्रू गंजून बसला होता. मी जोर लावला आणि त्याचं डोकंच तुटलं. काका म्हणाले, तेल घाल, गरम कर, थोडा पुढे थोडा मागे फिरव, दोन दिवस लागले तरी चालतील, पण पोलाद आत ठेवून टाकीत घालायचं नाही. ते मला ठाऊक आहे. मशिदीतल्या बांगेसारखं ऐकलंय, रोज. गेल्या वर्षी एका कव्हराच्या झिजलेल्या भोकात बसवलेली पोलादी आट्यांची गुंडाळी माझ्या नजरेतून सुटली होती. सगळा करंट तिनेच खाल्ला, ती विरघळली, कव्हर जळून काळं पडलं, आणि टाकीत लोखंड उतरलं म्हणून अख्खी टाकी ओतून द्यावी लागली. तेव्हा काकांनी माझ्या गळ्यात दोरीने चुंबक बांधलं. म्हणाले, "प्रत्येक भोकाला हे दाखवायचं. मग मला तोंड दाखवायचं."

मला दोन दिवस थांबायचं नव्हतं. नायट्रिक ॲसिड लोखंड खातं आणि ॲल्युमिनियमला हात लावत नाही, हे मला माहीत होतं. काका असं काम उघड्यावर करतात, वाऱ्याकडे पाठ करून, लहानशा वाटीत. मी आज साडेसातला येऊन मागच्या खोलीत केलं, बादलीभर, कुणाला दिसू नये म्हणून. स्क्रू उकळायला लागला. विटेच्या रंगाचा धूर आला. मी मागे सरलो तर वाऱ्याने दार लागलं.

त्या दाराची आतली मूठ मीच काढली होती. मागच्या सोमवारी, सुकिर्नोला कोंडायला. तो गेलाच नाही त्या खोलीत, आणि मी विसरून गेलो.

दाराचा खालचा पत्रा लाथा मारून वाकवेपर्यंत तीन-चार मिनिटं गेली असतील. बाहेर येऊन खोकलो, घसा जळला, पाणी प्यालो. मग बरं वाटलं. आत्ताही बरं आहे. भीती त्याचीच आहे. काकांचा धाकटा भाऊ, सुकार्जा, त्याचं हेच झालं होतं. सकाळी धूर घेतला, दुपारी दोन वाट्या भात खाल्ला, संध्याकाळी चेष्टामस्करी केली, आणि दिवस उजाडायच्या आत छाती पाण्याने भरून गेला. काका कधी बोलत नाहीत. सुमार्नीबाईंनी सांगितलं होतं.

नऊ वाजता मी आरोग्य केंद्रात जाऊन आलो. नायट्रिकचं नाव घेतलं तर बाईंच्या शेडला कुलूप लागेल म्हणून नर्सला सांगितलं, कचरा जाळत होतो. तिने नळी लावून ऐकलं, "छाती साफ आहे" म्हणाली आणि खोकल्याचं औषध दिलं. एकट्याने मोटारसायकल चालवत मोठ्या दवाखान्यात जायचा धीर नाही. वाटेत श्वास थांबला तर?

आता वाटण्या.

एक. गळ्यातलं चुंबक रोखिमकाकांना परत.

दोन. माझी कबुतरांची जोडी दार्युतीताईला.

ती समोरच बसलीय, भाग तारेला टांगतेय. बाकी सगळे शुक्रवारच्या नमाजाला गेलेत. आत्ताच तिने विचारलं, "काय लिहितोयस एवढं? प्रेमपत्र?"

"मृत्युपत्र."

"लिही बाबा. मला तुझी चप्पल ठेव. तुझ्या भुताला हाणायला होईल."

"कबुतरं ठेवलीत. इथे साक्षीदार म्हणून सही कर."

"वेडा आहेस का? ज्याला काही मिळायचंय त्याने साक्ष द्यायची नसते. माझ्या सासऱ्यांच्या वेळी सगळं बघितलंय मी. आणि वाचल्याशिवाय तर नाहीच. मागे तू सही घेतलीस तेव्हा बाईंच्या टेबलावर माझा राजीनामा गेला होता."

म्हणून कलम दोन खोडतो. कबुतरं सुकिर्नोला. त्याने बाईंकडे माझ्या सतरा चुगल्या केल्या, तरी मादी हातात धरून पंख फडफडवायची आणि आभाळातला नर खाली उतरवायचा, हे आमच्या गल्लीत त्याच्याएवढं कुणाला जमत नाही. जोडी फोडायची नाही. फोडलीस तर सुकिर्नो, मी येईन.

तीन. आईला बिस्किटाचा डबा, आत जे असेल ते. ती जकार्ताला खाणावळीत आहे. तिला सुकिर्नोने फोन करायचा नाही, तिला वाटेल मीच आवाज बदलून बोलतोय. मागे पोलीस होऊन केला होता. रोखिमकाकांनी करावा. हळू बोलावं. ती दुपारी गिऱ्हाईक वाढत असते, तेव्हा नको.

चार. काकांची पांढरी टोपी गुलाबी झाली ती धोब्यामुळे नाही.

पाच. सव्वाबारा वाजले. जिना चढून आल्यासारखा दम लागतोय आणि मी बसलेलाच आहे. शर्ट ओला करून छातीवर घट्ट बांधल्यासारखं वाटतं.

सहा. दाराच्या मुठीचा स्क्रू माझ्या उजव्या खिशात आहे. तो आधी बसवा. मला आंघोळ घालायच्याही आधी.

सात. क्लच कव्हर अजून त्या बादलीत आहे. खोलीत जाण्याआधी दार आणि खिडकी उघडून बराच वेळ थांबा. भोकात चुंबक फिरवा. पोलादाचा कणही असेल तर टाकीत घालू नका.

दार्युतीताई इथवर वाचायला उठली. उभ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "ओठांना काय लावलंयस?"

"काही नाही."

"जांभळे झालेत. रंग लावलायस ना? खरं सांग, मेल्या."

"नाही ताई."

तिने अंगठा ओला करून माझ्या ओठांवर घासला. जोरात, भांडं घासावं तसा. मग अंगठा उजेडात धरला. आमच्याकडे कच्चा रंग अंगठ्याला लागतो, लहान पोरालाही माहीत आहे. तिचा अंगठा कोरा होता.

ती तारा टाकून पळाली. मशिदीकडे. बाईमाणूस, भर प्रवचनात, दारातून ओरडतेय, "रोखिमकाका, धूर! तसलाच धूर!" इथपर्यंत ऐकू येतंय.

मला भीती वाटतेय. एवढंच लिहितो. मला अजून

(इथून पुढे साक्षीदारांच्या हाताने.)

साक्षीदार पहिली: दार्युती. वरचं सगळं वाचलं. रंग निघाला नाही. सही.

साक्षीदार दुसरा: रोखिम. प्रवचन अर्धं सोडून आलो. दवाखान्यात काय सांगायचं ते मी सांगेन, नायट्रिकचं नाव घेऊन. शेडला कुलूप लागलं तर लागू दे. मी सांगितलं तसं याने लिहून दिलंय, मी बोललो होतो तसा जागचा हललोय. दहा वाजताच मान वर करायला हवी होती. कलम एक मला मंजूर नाही. साक्षीदाराला वारशातलं काही घेता येत नाही, म्हणूनच ही सही करतोय. चुंबक त्याच्या गळ्यातच राहील. सही.

लिहून देणार: वास्दी. (सही माझीच, वेडीवाकडी आलीय ती रस्त्यामुळे. काका म्हणतात बोलू नकोस, नुसता श्वास घे.)

ठिकाण: ~~सुमार्नीबाईंची शेड, तालांग~~ मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर, गाडीत.

तारीख: शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०२४. वेळ: एकला वीस कमी. अजून श्वास चालू.