माफ केलं

३ मार्च
आणि परत तेच! प्रार्थना केलीस का, रोझरीची माळ जपलीस का. आईला फोनवर सांगितलं, तुझा देव तुला लखलाभ, मला जेवू दे. तर म्हणते, लहानपणी तू असा नव्हतास. लहानपणी मी अंथरूण ओलं करायचो, तेही परत सुरू करू का, असं विचारलं. हसली. आई हसली की भांडण मी जिंकलो.

बाकी नव्या नोकरीची जागा झकास. म्हाताऱ्या धर्मगुरूंचं घर, पण आता एकच फादर उरलेत, नव्वदीचे. त्यांची आंघोळ, दाढी, भरवणं, चादरी बदलणं, सगळं माझ्याकडे. स्वच्छ खोली, मोठी खिडकी. देखरेखीला एक नन आहेत, सिस्टर, कडक, पण उगाच टोकत नाहीत.

६ मार्च
फादरांची आठवण गेली, पण एक गोष्ट राहिलीय. लोकांनी पापनिवेदनात त्यांच्या कानात सांगितलेली पापं. ती ते दिवसभर बडबडतात, ज्याची त्याच्या आवाजात, ‘मी केलं, मी केलं’ म्हणत. आज दाढी करताना एका दुकानदारानं आयुष्यभर काटा मारल्याचं ऐकलं. फादर हुंदके देत होते, वस्तरा लागला असता. मी गमतीनं हात वर केला, हवेत क्रूस काढला आणि म्हणालो, जा बाबा, माफ केलं.

फादर एकदम शांत. गालावर चक्क लाली. माफी द्यायचा अधिकार धर्मगुरूचा, मला कसला? पण युक्ती सापडली.

१२ मार्च
रोज तीन-चार पापं निकालात काढतो. फादर आता स्वतःच्या हातानं जेवतात. सिस्टर म्हणाल्या, तुझ्या हाताला गुण आहे.

आज बाजारात एक विचित्र झालं. भाजीवालीशी बोलता बोलता माझा अंगठा आपोआप तिच्या पारड्यावर दाबला गेला. ती ओरडली, काय रे चोरा! मी कधी दुकान चालवलं नाही. पण ते गार पारडं माझ्या अंगठ्याच्या ओळखीचं होतं.

१५ मार्च
आज एका लॉरीवाल्याचं. पुलाजवळ चाकाखाली पोरगी आली, लाल फ्रॉकातली. आरशात बघितलं आणि गाडी तशीच दामटली. माफ केलं.

दुपारी चादरी घालताना माझा पाय ब्रेक शोधत होता. मला सायकलसुद्धा धड येत नाही.

आईचा फोन आला. आपल्या घराचं दार कुठल्या रंगाचं, हे मला आठवेना. तिला वाटलं, चेष्टा करतोय.

१७ मार्च
आज तोंड मिटून बसलो. माफ म्हणायचंच नाही. फादर सकाळपासून किंचाळत होते. सिस्टरांनी बाहेरून कडी घातली. दुपारी मी म्हणालो. अकरा वेळा.

१९ मार्च
सिस्टरांना विचारलं, माझं हे काय होतंय. त्या रुमालांच्या घड्या घालत होत्या. म्हणाल्या, आधीची पोरं श्रद्धाळू होती. गुडघे टेकायची, रडायची, पण अधिकार नसताना माफ केलं म्हणायला एकही धजावलं नाही. म्हणून तुझ्यासारखा, देवाला न भिणारा, शोधला.

मी म्हणालो, मग माझं पापनिवेदन ऐकायला कुणी धर्मगुरू बोलवा. बोलावते, म्हणाल्या, पण आधी सांग, यातली तुझी स्वतःची पापं कुठली?

बोटांवर मोजायला घेतली: काटा, पूल, लाल फ्रॉक.

२० मार्च
गुडघे टेकले. किती वर्षांनी. पहिली ओळ आली. पुढची आईनं शिकवलेली — कुठली आई, कसली — डोळे मिटले की आरसा, पूल, लाल —

२२ मार्च
फादर बागेत फिरतात. शीळ घालतात. त्यांनी कुणाला तरी हाक मारली, दोनदा, तीनदा. माझ्याकडेच बघत होते. ते नाव माझं आहे म्हणे —

२४ मार्च
कुणा बाईचा फोन. पोरा, पोरा करत रडत होती. मी करते तुझ्यासाठी प्रार्थना, तू नको करू, नुसता बोल म्हणे. मावशी, नंबर चुकला, असं समजावलं आणि ठेवला. परत वाजला. परत. बंद करून टाकला.

मला वेळ नाही. पुलाजवळचं घर, तिथं हिची आई असेल — लाल फ्रॉकवालीची — मी मारली तिला, मीच, आरशात बघितलं आणि — तिला पैसे पाठवतोय. सगळा पगार. पूर्ण बत्तीस हजार —