आठ हजार अक्षरांची ओळ

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर

प्रिय श्रीकांत,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. राहू दे, खोडत बसत नाही.

केळीवाल्यांच्या मोबाइलवर वादळाचा इशारा पाठवायचा प्रोग्राम आपण दोघांनी लिहिला, पण त्यांच्या सहकारी सोसायटीच्या कॉम्प्युटरवर तू तो कधी ठेवलाच नाहीस. सगळा कोड, सगळे नंबर एकाच कमांडमध्ये कोंबायचे, तुझ्या लॅपटॉपवरून आणून तिथे चिकटवायचे आणि एंटर मारायचं. तीन गावांच्या सोसायट्या एक झाल्या, नंबर वाढले, तेव्हाच मी म्हटलं होतं की आठेक हजार अक्षरांपुढे विंडोज कमांड घेत नाही. कोड एका फाइलीत ठेवू, नंबर दुसरीत, कमांडमध्ये फक्त फाइलीचं नाव देऊ. तू हसलास. फाइल हाती दिल्यावर आपल्याला कोण विचारणार, म्हणालास.

मे महिन्यात मी एक दिवस घरी राहिले, नेमका त्याच सकाळी इशारा आला. तू एंटर मारलंस आणि पडद्याकडे न बघता इतवाऱ्यात कुणाच्या तरी हळदीला गेलास. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, कमांड फार लांब आहे एवढंच पडद्यावर होतं. एकही मेसेज गेला नव्हता. तोवर तापीकाठच्या बागा आडव्या झाल्या होत्या. कळलं असतं तर लोकांनी तयार घड तरी उतरवून घेतले असते. आमच्या बाबांनीही.

सभेत तू काय सांगितलंस? नवे नंबर मंगलाने चुकीचे भरले. मी पडद्यावर दिसलेलं सांगू लागले, पण ती विंडो तू केव्हाच बंद केली होतीस. तुझं तोंड गोड, माझा आवाज चढलेला. लोकांना तूच खरा वाटलास. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, “तुझ्या भरोशावर बसलो व्हतो मी, मंगला.” तेव्हापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. तुझा मला संताप येतो, आणि त्याहून जास्त किळस.

प्रोग्राम मी फाइलीत घालून सोसायटीच्या यादवकाकांना चालवायला शिकवलाय. इशारे जातात. तुझी गरज उरलेली नाही.

काल तुझी आई आपल्या साखरपुड्याची तारीख घेऊन आली होती. ती गेल्यावर बाबा पहिल्यांदाच सरळ माझ्याशी बोलले. एवढं होऊनही ते लोक मला सून करून घेताहेत, मी उपकार मानावेत, म्हणाले. मी नाही म्हणून सांगितलंय. का, ते सांगितलं नाही. माझ्यावर आता त्यांचा विश्वास बसत नाही. ते कारण तू येऊन सांग. आमच्या ओट्यावर, बाबांसमोर, तुझ्या तोंडाने.

तुझी होता होता राहिलेली,
मंगला