पिक्चरातली आन

माय,

काल केबलवर तोच पिक्चर लागला, गुडीहत्नूरच्या बाजारात तंबू टाकून दाखवला होता तो. तू जाऊन बारा वर्षं झाली, आणि खरं सांगते, पिक्चर दिसल्याबरोबर तुझ्या आठवणीनं डोळे भरले नाहीत, डोकं भणभणलं. त्यातली बाई अजून तशीच ताट झाकून बसलेली, केसांची एक बट तेवढी सुटलेली, आणि नवरा झुलत दारातून येतो. अख्ख्या पिक्चरमध्ये तो एकदाच हात उचलतो, तोही हवेतच राहतो. मग पोर तापानं फणफणतं, नवरा पोराच्या डोक्यावर हात ठेवून आन घेतो, बाटली विहिरीत फेकतो, एक गाणं होतं आणि गाणं संपेपर्यंत दारू सुटलेली असते. गाणं संपेपर्यंत, माय वं! तू तंबूत खाली बसून पदरात तोंड खुपसून रडत होतीस आणि मला चिमटे काढून सांगत होतीस, "पाह्य, पाह्य, असं सुटते."

आपल्या घरी हात हवेत राहत नव्हता. मळ्यातली वांगी, मेथी-सांबाराच्या जुड्या विकून बाजार उठला की बाबा सरळ गुडुंब्याची दारू ढोसायला झोपडीत जायचा, तिथून घरी, आणि मग हाती लागेल त्यानं मारायचा. बहुतेक वेळा तराजूची दांडीच असायची. एकदा त्यानं किलोचं वजन फेकलं, ते तुझ्या खांद्यात बसलं आणि तू चुलीवर कोसळलीस. कोपराचं कातडं तव्याला चिकटून राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच कोपराला हळद थापून तू बाजारात वांगी तोलत होतीस, आणि गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणालीस, "तेल उडालं." मला त्याचा संताप यायचाच, पण तुझा जास्त यायचा.

पिक्चर पाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शुद्धीवर असताना, तू मला दंडाला धरून त्याच्यापुढं उभं केलंस. मला विचारलं कोणी? "ठेवा हात," तू म्हणालीस. त्यानं ठेवला. "पोरीची आन. आता पेलो त हिचं मेलेलं तोंड पाह्यीन." तू इतकी खुश झालीस की त्या दिवशी पुरण घातलंस. आठ दिवस कसेबसे गेले. नवव्या दिवशी मी त्याला झोपडीमागं गिलास तोंडाला लावताना पाहिलं. त्यानं माझ्या हातावर एक गोड गोळी ठेवली आणि म्हणाला, "मायले सांगू नको." तो लवंग चघळत घरी यायचा आणि हात न उचलता झोपायचा, म्हणून तुला कळलं नाही. मी कशी सांगणार? सांगितलं असतं तर माझं मरण पक्कं झालं असतं. मी रोज आरशात जीभ काढून बघायची, मनगट धरून बसायची. दहा वर्षांच्या पोरीनं मरणाची वाट पाहायची म्हणजे काय, हे त्या पिक्चरवाल्यांना कोणी विचारलं नाही. पुढं पुढं मी काही मरेना, भीती ओसरली आणि मग मात्र माझं टाळकं सरकलं. हा माणूस रोज मला पणाला लावतो आणि वर ढेकर देतो! म्हणून एका सकाळी मी काखेत कांदा दाबला, कपाळ चुलीशी नेऊन तापवलं, गोधडी ओढली आणि पिक्चरमधल्या पोरासारखी कण्हायला लागले.

तू माझ्या कपाळाला हात लावलास आणि तुझं तोंड पांढरं पडलं. बाबा पाट्याजवळ बसून तंबाखू मळत होता. जन्मात पहिल्यांदा तू त्याला अरेतुरे केलंस. "पेला नं तू? खरं बोल. पोर जाऊन राह्यली माही." तो खाली बघून तंबाखूच मळत राहिला, तेवढ्यानं तुला कळलं. "कोणत्या हातानं आन घेतली?" तो हसला, माय. हसत हसत उजवा हात पाट्यावर ठेवला, तुझी गंमत करावी तसा. तू वरवंटा दोन्ही हातांनी उचलून घातलास. बोटं चेंदली. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता हाताकडं बघत राहिला. दुसरा घाव मनगटावर बसला तेव्हा तो हंबरला, तुझे केस धरून त्यानं तुला भिंतीवर आपटलं. तुझा दात पडला. तोंडातलं रक्त तसंच ठेवून तू त्याच्या छातीवर गुडघा रोवलास, हात पुन्हा पाट्यावर दाबलास आणि तिसरा घातलास. हाड मोडल्याचा आवाज मला गोधडीत ऐकू आला.

मग सुटली त्याची दारू. हाड बसवणाऱ्यानं कामट्या बांधल्या आणि तू त्याला तुझ्याच लुगड्यानं खाटेला बांधलंस. तो थरथरायचा, अंगावर मुंगळे चढले म्हणून किंचाळायचा, तू पाणी पाजायला गेलीस तर तुला चावला. सहा दिवस हे चाललं. गाव म्हणालं, आन लागू पडली. तूही तेच धरून बसलीस. पुढं तो कधी प्याला नाही, तू त्याला भाकर कुस्करून द्यायचीस, आणि तुम्ही दोघं एकमेकांकडं बघत नव्हता. शेवटच्या आजारात तू म्हणालीस, "पोरी, तू तापली नसती त माह्या हातून हे झालं नसतं. माणसाचा हात मोडला म्या." मी तुझे पाय चेपत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी दुसरा पाय चेपायला घेतला.

बाबा आता माझ्याकडंच असतो. काल त्यानं पिक्चर शेवटपर्यंत पाहिला. डाव्या हातानं कप धरून म्हणाला, "इतक्यात सुटली याची? बायकोनं एक फटका बी नाई मारला!" आणि ठसका लागेपर्यंत हसला. त्याला वाचता येत नाही, तरी हा कागद मी ज्वारीच्या कोठीत तळाशी घालणार आहे. कांद्याचं त्याला सांगेन कधीतरी, त्यावरही तो बहुधा हसेलच. दुसरं मात्र कुणाला सांगण्यासारखं नाही. पहिल्या फटक्यानंतर मी उठून कांदा दाखवला असता, तर त्याचा हात वाचला असता. भीतीनं पडून राहिले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. तू थांबू नयेस म्हणून मी आणखी जोरानं कण्हत होते.