लच्चव्वाची बोटं

५ ऑक्टोबर
आज दुपारी बाराला पाच मिनिटं कमी असताना माझं आयुष्य बदललं. मंडल कार्यालयाच्या, म्हणजे इथल्या तहसिलीच्या, व्हरांड्यात मतदारयादी पसरून बसलो होतो. एक मुलगी आली आणि म्हणाली, मी यंदा अठराची झाले, माझं नाव कुठल्या पानावर आहे ते दाखवा. मी दाखवलं. तिने नावावर बोट ठेवलं आणि हसली. रजिता. बस, संपलो.

मल्लेपेटला मी सकाळच्या बसने उतरलो तेव्हा असलं काही डोक्यात नव्हतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला एका प्राध्यापकांच्या टेबलावर मूठ आपटली, काच फुटली. माफी माग म्हणाले, तर मी बॅग उचलून घरी आलो. तेव्हापासून घरात कोणी धड बोलत नव्हतं. इथे सगळे गोड बोलतात. हॉटेलवाल्याने ज्वारीच्या भाकरीवर दुसऱ्यांदा चटणी वाढली, तीही न मागता.

काम सोपं आहे. घरोघर जायचं, यादीतल्या माणसाचं बोट यंत्राच्या काचेवर टेकवायचं. हिरवा दिवा लागला की त्याचं नाव त्याच्या ओळखक्रमांकाला जोडलं गेलं. कार्यालयातले साहेब वेंकटस्वामी, इथे त्यांना ‘सार’ म्हणतात, त्यांनी मला एवढंच बजावलं, की एक बोट, एक नाव. दोन नावांवर एक बोट चालत नाही, त्यासाठीच तर सगळा खटाटोप. बोट जुळलं नाही तर तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं, मगच ‘सापडत नाही’ दाबून नावावर लाल रेघ मारायची.

राहायला कार्यालयामागची खोली मिळाली. खिळ्यावर कुणाचा तरी निळा शर्ट आहे. माझ्या आधी कोण होतं विचारलं, तर सार म्हणाले, कोणी नाही बाबा, तूच पहिला. शर्टाची कॉलर घामाने ओली होती.

७ ऑक्टोबर
विडीवाल्यांची गल्ली. उंबऱ्याउंबऱ्यावर बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. इथे यंत्र अडतं. तेंदूच्या पानांनी बोटांवरच्या रेषा झिजून जातात. बायांना ते ठाऊक आहे. बोट टेकवायच्या आधी दोन दिवस काम बंद ठेवतात, लिंबू चोळतात, खोबरेल लावतात.

तिसरं घर रजिताचं. तिचं बोट पहिल्या फटक्यात जुळलं. तिच्या आईचं, लच्चव्वाचं, नाही. म्हातारी काचेकडे बघून म्हणाली, चाळीस वर्षं विड्या वळतेय बिड्डा, लेकरा, रेषा सगळ्या विड्यांत गेल्या नि लोकांनी ओढून टाकल्या. आता त्या धुरात शोध जा. गल्ली हसली. मीही हसलो. रजिताने चहा दिला.

९ ऑक्टोबर
दुसरी खेप. पुन्हा नाही. लिंबू चोळून ठेव अव्वा, परवा येतो, असं सांगून निघालो. खरं तर लिंबू न लावलं तरी चालेल, मला रोज यायला मिळेल. रजिता गल्लीच्या टोकापर्यंत आली. मी कॉलेज सोडल्याचं सांगून टाकलं आणि लग्नाचंही विचारलं. ती म्हणाली, आईला विचार, आई हो म्हणाली तर माझंही हो.

११ ऑक्टोबर
विचारलं. भर गल्लीत विचारलं, ही माझी चूक. लच्चव्वाने हातातली विडी पूर्ण वळली, दोरा बांधला, मग मान वर केली. म्हणाली, कॉलेज अर्ध्यात सोडलंस, आता उद्या माझ्या पोरीला कुठल्या स्टँडवर सोडशील? आधी एक काहीतरी पुरं करून दाखव, मग ये.

बाया हसल्या. हसणाऱ्यांत रजिता नव्हती, पण ते मला तेव्हा दिसलंच नाही. कानशिलं तापली होती. म्हातारीने लिंबू लावलेला हात पुढे केला होता, तिसऱ्या खेपेसाठी. मी यंत्र बॅगेत कोंबलं आणि निघालो.

खोलीवर येऊन तिचं नाव काढलं आणि ‘सापडत नाही’ दाबलं. लाल रेघ इतक्या जोरात मारली की कागद फाटला.

१३ ऑक्टोबर
राग उतरल्यावर लाज वाटली. माफी मागायला गेलो. रजिता एकाच कपात, एकटीपुरता चहा ओतत होती. आई कुठे विचारलं. ती म्हणाली, कोणाची आई?

लच्चव्वा तिच्या शेजारी बसली होती. सूप मांडीवर, बोटं चालू. ती पोरीशी बोलत होती. पोर ऐकत नव्हती.

मला दिसते. बाकी कुणाला नाही.

१४ ऑक्टोबर
रजिता सांगत होती, हल्ली तिचे हात पाचशेच विड्या वळतात, पण संध्याकाळी टोपलीत हजार विड्या निघतात. बोटं दुखतसुद्धा नाहीत. देवीची कृपा असेल, म्हणाली.

लच्चव्वा माझ्याकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त लिंबू लावलेला हात पुढे केला.

१६ ऑक्टोबर
बतुकम्माचा, इथल्या बायांच्या फुलांच्या सणाचा, पाचवा दिवस. दिवस मावळायच्या आत देवळासमोर बायांनी तंगेडूच्या पिवळ्या फुलांचे मनोरे मध्ये मांडले आणि फेर धरला. टाळ्या वाजवत, वाकत, गोल गोल. रजिताच्या उजवीकडे एका माणसाएवढी जागा रिकामी. फेर फिरला तशी ती जागाही फिरली. कोणी ती भरली नाही. कोणी बघितलंही नाही.

त्या जागेत लच्चव्वा टाळ्या वाजवत होती. आवाज येत नव्हता.

फेर संपायच्या आत मी खोलीवर परतलो.

१७ ऑक्टोबर
सारांना सांगितलं. त्यांनी यादी चाळली. म्हणाले, या पानावर असं नावच नाही, रेघ कुठली? मी फाटलेला कागद दाखवला. त्यांनी भोकाकडे पाहिलं आणि उंदीर झालेत म्हणाले.

यंत्रात मात्र तिची नोंद आहे. काळ्या पडद्यावर नाव, त्याखाली एकच ओळ — बोट द्या.

तिला बोलावलं. आली. लिंबू, खोबरेल, कोमट पाणी, सगळं केलं. दहाही बोटं टेकवली. काच तिच्या हाताखाली काळीच.

चिडून मी माझा अंगठा आपटला.

हिरवा दिवा. लच्चव्वा, जुळले. नक्की करू?

हात मागे घेतला.

१८ ऑक्टोबर
एक बोट, एक नाव. सारांना पुन्हा विचारलं, माझा अंगठा दुसऱ्या नावावर गेला तर माझं नाव? ते म्हणाले, मग तू कशाला राहशील यादीत, वेड्या. हसले.

आज निळा शर्ट खिळ्यावर नव्हता. दारामागे वाळत घातलेला. पिळून.

पळून जाऊ शकतो. सहाची बस आहे. रजिताला काही आठवत नाही, ती माझ्याशी हसून बोलते, आता अडवणारंही कोणी नाही. दुपारी तिने विचारलं, आईला विचारायचं म्हणालास ना — मग थांबली. कोणाच्या आईला, म्हणाली. आणि रडायला लागली. का रडतेय ते तिला कळेना.

एक काहीतरी पुरं —

१९ ऑक्टोबर
केलं. अंगठा. नक्की.

सार आत आले. माझ्या खुर्चीवर फाईल ठेवली. माझ्या मांडीवर — मधून — खुर्चीवर.

व्हरांड्यातल्या बाकावर माणसं आहेत. वीस असतील. रोज असणार, मलाच दिसत नव्हती. निळ्या शर्टातला एक जण सरकला. जागा केली. नाही बसलो.

१९, संध्याकाळ
तिच्या घरात आहे. कोपऱ्यात. दोन कप चहा. दोघी सूप घेऊन — बोलतायत — फुलं कमी पडली, उद्या जास्त आण. रजिता हसतेय. माझ्याकडे बघून नाही.

लच्चव्वाने मान वर केली. इथे, सरळ इथे बघितलं. सूप जरा ओढून घेतलं, कोणी बसणार असावं तसं. मग बराच वेळ — काही आठवेना तिला.

पोरीला म्हणाली, बिड्डा, वारा येतोय कुठून तरी, दार लाव.

रजिता उठतेय. तिच्या मांडीवर पानं आहेत, सांडतील. नको उठूस. मीच बाहेर जातो, आणि दार ओढून —