आईचा डावा हात कोणाकडे

मी, साईनाथ दगडू घाग, वय तेवीस, राहणार कळवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहितोय. डोकं ठिकाणावर आहे. बारावीला बसलेलो तेव्हा सरांना त्याबद्दल डाऊट होता, पण आत्ता एकदम क्लिअर आहे. कोणी जबरदस्ती केली नाही, मी प्यायलेलो नाही, आणि ही मस्करी नाही. हे मुद्दाम लिहिलं, कारण माझं नाव वाचून लोक आधी कागद उलटा करून बघणार. मागे काही नाहीये.

मला रक्ताचा कॅन्सर आहे. डॉक्टरांनी औषधं बदलून बघितली. आता ते औषधांबद्दल कमी बोलतात आणि काय खावंसं वाटतं ते जास्त विचारतात. त्यावरून काय समजायचं ते मी आणि दादा समजलोय. आईला सांगितलेलं नाही. तिला वाटतंय उन्हाळ्यापर्यंत मी ठीक होणार.

कलम पहिलं. माझी स्कूटर माझा मित्र नाथा याला. पुढचा ब्रेक शोभेचा आहे, मागचाच दाबायचा. रबरी पालही त्यालाच. मात्र ती मैथिलीताईंच्या ड्रॉवरमध्ये पुन्हा ठेवायची नाही. त्या आईच्या फिजिओ आहेत आणि त्यांनी मला एकदा माफ केलंय.

कलम दुसरं. बँकेत जे काय असेल ते आईच्या स्लीव्हसाठी. सुजलेल्या हातावर घालायचा तो घट्ट मोजा. ढिला झाला की नवा घ्यावा लागतो. आई म्हणेल, चालतोय की अजून. तिचं ऐकायचं नाही.

कलम तिसरं. माझा मोबाईल मंदाकिनी मावशीला, पण तेलाची बाटली घेऊन तिने घरात यायचं नाही. आईच्या ऑपरेशननंतर मावशी चिपळूणहून आलेली आणि बाळंतिणीला रगडतात तसं तिने आईचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत रगडला. प्रेमाने केलं, मान्य. संध्याकाळी हात दुधीएवढा झालेला.

आता खरी इस्टेट.

कलम चौथं. आईचा डावा हात. तिच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा काखेतल्या गाठीपण काढल्या. मैथिलीताईंनी मला समजावलं की अंगात रक्ताशिवाय अजून एक पाणी फिरतं, त्याच्या बारीक नळ्या असतात. गाठी गेल्या, तिथली वाट बंद झाली, पाणी हातात तुंबलं. पण त्या नळ्यांच्या आतल्या पेशी भारी असतात. त्यांना ना डोळे ना कान. अंगावरून पाणी वाहतंय की नाही, एवढंच त्यांना कळतं. वाहतंय म्हटलं की त्या हलतात, वाढतात, बाजूला नवी नळी फुटू शकते. थांबलं की बसून राहतात. मला तर आपले रिक्षावालेच आठवले. पुलावर जाम लागला की एकजण गल्लीत घुसतो, मागून दुसरा, आणि काही दिवसांनी ती गल्लीच रस्ता होते. ताई म्हणाल्या, आईच्या हातात नवी वाट फुटेलच असं लिहून देता येत नाही, पण पाणी हलवत राहणं आपल्या हातात आहे.

म्हणून मी रोज जेवण झाल्यावर आईचा हात करायचो. सुरुवात हातापासून नाही करायची. आधी मान, मग दुसरी काख. पुढची वाट मोकळी केली की मागचं पाणी ढकलायचं. तेल नाही, जोर नाही. दुधावरची साय बोटाने सरकवतात तशी नुसती कातडी सरकवायची.

हे काम मी माझा मोठा भाऊ रत्नदीप याच्या नावावर करतोय.

लोक म्हणतील, येडा झाला काय. कारण आई दादाशी बोलत नाही. तो कोपरला राहतो, जिममध्ये ट्रेनर आहे. शिवानी वहिनीशी त्याचं लग्न झालं तेव्हा त्याने फोटोवाल्याला सांगितलं, आईचा तो हात येणार नाही असं उभं कर. आई त्याच्या मागेच होती. अल्बम आला तो तिने उघडलाच नाही. तेव्हापासून दादा आला की ती पदर हातावर ओढून आत जाते. दादा म्हणतो, पाहुणे शंभर प्रश्न विचारतात, तिलाच त्रास होतो म्हणून बोललो. असेलही. पण माझं मत इथे लिहून ठेवतो. दादा, माती खाल्लीस तू.

दिवाळीनंतर माझ्या अंगात ताकद राहिली नाही. या कामाला जोर लागत नाही, पण आपला हात उचलायला थोडा लागतोच. मग ताईंच्या क्लिनिकमध्ये मी दादाला शिकवलं, माझ्याच हातावर. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, "अरे हात आहे माझा, कणीक नाही." तो शिकत गेला. एक दिवस त्याच्या हाताखाली मला झोप लागली. ताई म्हणाल्या, हा पास.

पुढची गोष्ट आईने मी गेल्यावर वाचायची. आई, हात करून घेताना तू डोळ्यांवर टॉवेल टाकतेस, कारण तुला तो हात बघवत नाही. त्याचा मी फायदा घेतला. दादा खालच्या जिन्यात चपला काढून यायचा. मी तुझ्या उशाशी बसून बडबड करायचो आणि हात दादा करायचा. तू म्हणालीस, आज गरम लागतोय रे तुझा हात. मी म्हटलं, चहाचा कप धरलेला. मनगटाचं हाड परत दिसायला लागलंय ना, ते त्याचं काम आहे. आतल्या पेशींना हात कोणाचा ते कळत नाही, आई. पाणी हललं एवढंच कळतं. तेव्हा पदर ओढू नकोस. हात दे त्याला.

इथे सही करून बंद करणार होतो. पण आज दुपारी जे झालं ते जोडावं लागतंय.

दादा आईचा हात करत तिच्या कोपरापर्यंत आलेला. मी पालीचा जुना किस्सा सांगत होतो. आई टॉवेलखालून म्हणाली, "उद्या अंगठी काढून ये. टोचते."

मी कधी अंगठी घातलेली नाही.

दादाने माझ्याकडे बघितलं. पण हात चालू ठेवला, कारण मध्येच थांबवायचं नसतं. मग आई मला म्हणाली, "आणि तू नको बडबडत बसू. दमतोस. ये, पड माझ्याजवळ."

मी पडलो. उन्हाळ्याचं मी काही बोललो नाही, तिनेही विचारलं नाही. टॉवेल तिने काढला नाही. तो भिजलेला.

वर "आईला सांगितलेलं नाही" असं लिहिलंय. खोडत नाही. मी खरंच सांगितलेलं नाही.

माझं सगळं देऊन झालं. हे लिहिलेलं वाचून बघितलं, बरोबर आहे, म्हणून खाली सही करतोय.

साईनाथ दगडू घाग
कळवा, ११ फेब्रुवारी २०२५

आमच्या समोर सही केली, तेव्हा तो शुद्धीवर होता आणि हसत होता.
साक्षीदार: मैथिली कारखानीस, नाथा भोईर

कलम चौथं मला कबूल आहे. अंगठी काढली आहे.
रत्नदीप दगडू घाग